पाच मोजेपर्यंत

शाळेच्या व्हरांड्यात दोन बाकं.
एकावर सुया, दुसऱ्यावर वाफेचा पेला.
प्रत्येकाला दोन्ही घ्यायचंय;
खरी लस एकातच, दुसऱ्यात नुसतं खारं पाणी.
कशात काय, ते मलाही ठाऊक नाही.
लिफाफा पुण्यात आहे, सीलबंद.

सतवंती तांडेल दंड पुढे करते.
बोटांवर शिंगाळ्याच्या काट्यांचे जुने डाग.
"टोचलंस काय गे?"
तोवर मी कापूसही टाकलेला असतो.

मग पेला.
नळी तोंडात, ओठ घट्ट,
खोल ओढायचं आणि धरून ठेवायचं
पाच मोजेपर्यंत.
ती तीनवरच फिस्सकन हसते,
पांढरी वाफ व्हरांडाभर.
वहीत हसण्याला रकाना नाही.
मी 'अंशतः' लिहिते.

पास्कू लोबो कालवं काढतो,
जेटीपलीकडच्या खडकांत बुडी मारून.
एक, दोन, तीन, चार, पाच.
तो डोळे मिटून बसलेला.
दहा.
वीस.
मागची रांग गप्प.
चाळिसाला मी त्याचा खांदा गदगदा हलवते,
सोड रे, सोड आता!
तो सोडतो, सावकाश,
वर यायची घाई नसल्यासारखा.
"तुमीच सांगलास मां, धर म्हणान."

डॉक्टर सांगून गेलेत:
आजार ज्या दारातून शिरतो
तिथंच, नाकाघशात, पहारा बसावा
म्हणून ही वाफ. औषधही थोडंच लागेल, कदाचित.
सुईची लस दंडातून रक्तात जाते,
ती जुनी, तिच्या बाजूने पुष्कळ वर्षांची साक्ष.
कदाचित दोन्ही सारख्याच निघतील.
मी मान हलवली.
माझं काम मोजायचं.

दुसऱ्या दिवशी फोन.
हात दुखतो? शून्य ते दहात सांगा.
"हात? तो रापण ओढून रोजच दुखता."
आता ह्यातलं सुईचं किती
आणि दोराचं किती?
खोकला?
"येता. पण तो बिडयेचो."
मी दोन्ही लिहून घेते, बिडीसकट.

संध्याकाळी शीतपेटी खांद्याला.
जेटीवर म्हावऱ्याचा बर्फ फुटतोय,
माझा पेटीतला केव्हाच वितळलाय.
खडकावर लाट आपटते,
तोंडावर बारीक तुषार येतात.
खारं पाणी. नुसतं.

कोण कुठल्या गटात, ते मार्चमध्ये कळेल.

कुणी बघत नाहीसं पाहून
मी श्वास आत ओढते, मोजू लागते.
सतराला सुटतो.