पाय मोडका ब

इंचॉनच्या बुप्योंग बाजारात, चष्म्याच्या दुकानामागे
ग्योंगरान दिवसभर भिंगं घासायची.
रात्री अकरानंतर फोनची वायर उपसून
कॉम्प्युटरला लावायची,
आणि पडदा निळा होईतो मोडेमवर उशी दाबून धरायची.
आई जागी व्हायला नको.

तिचं तिथलं नाव उणे साडेतीन.
त्याचं मीठागर.
गुनसानच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं फाडतो म्हणे.
म्हणे, कारण पाहिलंय कोणी?
निळ्यावर पांढरी अक्षरं, एवढाच चेहरा.
पण तो तिला चष्म्याशिवायही दिसायचा,
नाक काचेला टेकवलं की.

बोलायचे काय? काही नाही.
आज धुकं होतं, दोनची बोट सुटली नाही.
आज एका म्हातारीने नवऱ्याच्या जुन्या फ्रेममध्ये
स्वतःचा नंबर बसवून घेतला.
जेवलीस का. जेवले. काय.
मुळ्याचं सूप.
परत?
परत.
त्या 'परत'वर तो हसला असेल असं धरून
ती अंधारात हसायची.

बिलावर नावं नसतात, मिनिटं असतात.
नोव्हेंबरची दोन हजार एकशे चार.
आई म्हणाली, एवढं कोणाशी?
ती म्हणाली, कोणाशीच नाही.
खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

डिसेंबरात पैसा गडगडला,
मामाच्या कारखान्याला कुलूप लागलं,
आणि रात्री एक वाजता, झोप येईना म्हणून
आईने आतल्या खोलीतला फोन उचलला.
कानात किंचाळी. तिने दचकून ठेवला.

लाइन तुटली.
पडद्यावर त्याचं एवढंच राहिलं:
किती दिवस म्हणेन म्हणतोय, ब्

आपल्या लिपीत सांगायचं तर पाय मोडका ब.
काना नाही, मात्रा नाही, डोक्यावर टिंब नाही.
तिकडे अक्षर घरासारखं बांधतात,
आधी व्यंजन, त्याला लगटून स्वर,
जमलंच तर खाली आणखी एक.
इथे एकच भिंत उभी राहिली होती.

बाप म्हणजे भात. बाम म्हणजे रात्र.
बे म्हणजे बोट, बादा समुद्र.
आणि बोगो शिप्दा म्हणजे…
ते आपल्याकडेही कोणी सरळ म्हणत नाही.

मीठागर पुन्हा आला नाही.
मार्चमध्ये ती गुनसानला गेली.
खिडकी होती, खिडकीवर पत्रा ठोकलेला.
शेजारची मासळीवाली म्हणाली,
चौघे होते, चौघांनाही काढलं.
तुला कुठला हवाय?
ग्योंगरानला सांगता येईना.
अर्धा किलो सुकी मांदेली घेऊन ती परतली.
आई खूश झाली.

आता खिशातला फोन हुशार आहे.
एक ब् टाइप केला की तीन शब्द पुढे करतो,
घे यातला, लवकर.
ती एकही घेत नाही.
दुकान बंद झाल्यावर कधीतरी तेवढंच लिहिते
आणि अंगठा वर धरून थांबते.
आई जाऊन सहा वर्षं झाली,
कान अजून आतल्या खोलीकडे.