अकरा किलोमीटर

शेंद्र्याहून निघताना
आठ गाड्या अंगावर घेतो मी.
खाली चार, वर चार,
चाकांना पट्टे आवळलेले,
सीटांवर कंपनीचं प्लास्टिक तसंच.
एकेकीच्या मीटरवर अकरा किलोमीटर,
फार तर बारा.
तेवढंच त्यांचं वय.

शहागडला गोदावरी ओलांडली.
गेवराईला डिझेल, बीडच्या अलीकडं डबा.
इलियासनं तोंडली वेचून खाल्ली
आणि मला नुसता रस्सा ठेवला.
बोललो नाही.
घाट पुढं असला की मी भांडत नाही कुणाशी.

पालीच्या पुढं जमीन उठून बसते.
तोवर पसरलेली असते कपाशीत, तुरीत,
दुपारी जेवून लवंडलेल्या माणसासारखी.

मग दुसरा गिअर.

बालाघाट काही लई मोठा डोंगर नाही.
हिमाचलात माल उतरवून आलेले ड्रायव्हर हसतात.
याला घाट म्हणता व्हय?
ही तर भाकरीला आलेली फुगी.
हसू द्या.
साठ फुटी धूड वळणावर वाकवताना
शेपूट कुठं आहे ते आधी पाठीला कळावं लागतं.
आरशाला मागून कळतं.

त्या दिवशी मांजरसुंब्याच्या खाली
एका कंटेनरचा एक्सल तुटला होता.
दोन तास सगळं जागच्या जागी.
मी इंजिन बंद केलं
आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
घाट ऐकला.
कुसळी गवत वाऱ्यानं एका बाजूला झोपत होतं.
खाली तळ्यात उन्हाचा तुकडा.
पलीकडच्या उतारावर मोर ओरडला
आणि इलियास म्हणाला, मांजर.

सीताफळांची पाटी घेऊन एक पोरगी आली.
फळांचे डोळे उघडलेले, तिचेही.
तिनं मान वर करून गाड्या मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
"यातली तुमची कोणती?"

इलियास काय ऐकतो.
"आठी आपल्याच. सोलापूरपर्यंत."
"आन् सोलापूरनंतर?"
"सोलापूरनंतर एकबी नाही."
तिनं थोडा विचार केला.
"मंग गाडी हलकी पळत असंल."

सहा फळं घेतली. नाव विचारलं तर म्हणाली द्वारका,
आणि सुट्टे नाहीत म्हणून सातवं फळ दिलं.

रस्ता सुटला.
इलियासनं बिया खिडकीतून थुंकल्या,
जवळजवळ दर वळणाला एक.
मी आरशात पाहिलं.
वरच्या मजल्यावर, शेवटची,
ती पांढरी गाडी दरीकडं तोंड करून उभी होती.
तिच्या काचेत आख्खा घाट उलटा सरकत होता,
तळं, गवत, द्वारकेची पाटी,
आणि तिला त्यातलं काहीच मोजता येत नव्हतं.
चाक फिरलं नाही तर किलोमीटर लागत नाही.
कंपनीचा नियम आहे.

रात्री सोलापुरात
टॉर्च घेतलेला एक पोरगा गाडीभोवती फिरला.
ओरखडा नाही, लिहिलं. धूळ आहे, लिहिलं.
वायपरखाली एक पान होतं
ते त्यानं फुंकलं, लिहिलं नाही.
मीटर : अकरा.
मी सही केली.

दसऱ्याला कुणीतरी येईल बायकोपोरांना घेऊन.
चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळद, कुंकू, झेंडूचा हार.
शेजाऱ्याला सांगेल, नवीकोरी आहे,
अजून कुठंच गेली नाही.

बरोबर आहे त्याचं.

परतीला पहाटे तोच घाट.
आता उतार, आणि अंगावर काही नाही.
द्वारके, हलकी पळत नाही गं.
रिकामी गाडी लई वाजते.
प्रत्येक पट्टा, प्रत्येक कडी, मोकळी फळी न् फळी.
इलियास त्या आवाजात झोपतो.
मला त्यात आठ जागा ऐकू येतात,
खाली चार, वर चार.

सातवं सीताफळ डॅशबोर्डवर होतं.
गेवराईपर्यंत पिकलं.