छत

थीडा हुडाक रोज सकाळी
झऱ्यात काठी बुडवते.
काठीवर खिळ्याने ओढलेल्या रेघा,
वहीत पेन्सिलीचे आकडे.
एप्रिल : कोपरापर्यंत.
काल : साडेपाच बोटं.
खाण अजून टेकडीपलीकडेच आहे.

वर ओकची झाडं,
ओहायोत पहिली करवत गिरणी यायच्या आधीची.
एकाच्या ढोलीत यंदा घुबड,
एक गेल्या वादळात आडवं झालेलं,
त्याच्यावर शेवाळ,
शेवाळात दोन पानांचं काहीतरी.

सुनावणीत कंपनीचा माणूस सभ्य होता.
नकाशा उलगडून म्हणाला,
"कोळसा पाचशे फूट खाली.
मुळं तिथवर जात नाहीत, बाई."

खरंच आहे. मुळं जात नाहीत.

तेव्हा मागच्या रांगेतून तिचा भाऊ मायलो उठला,
एकतीस वर्षं खाली काढलेला,
श्वास पुरेना म्हणून खुर्चीला धरून.
"आम्ही कोळसा काढून घेतो
आणि छत मुद्दाम सोडतो.
पडायलाच हवं ते,
त्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही.
मग त्याच्या वरचं त्याच्यावर बसतं,
त्याच्याही वरचं त्याच्यावर.
माझ्याच विहिरीत मी दगड टाकला होता.
आवाज कोरडा आला."

टिपणं घेणाऱ्या मुलीने मान वर केली :
"कोरडा म्हणजे कसा लिहू?"

निकाल लागलेला नाही.
आज काठी बुडवताना थीडाने
सवयीने बाही वर सारली.

बाही भिजेल इतकं पाणी
एप्रिलनंतर नाही.