उणे साडेसहा

मला खांब कधी दिसलाच नाही.
दिसायचं ते त्याच्या जागी उभं असलेलं
ओल्या कापडावर फुटलेल्या शाईसारखं काहीतरी,
आणि तरी मी सूर मारायचे
पावलं मोजून. शेवटच्या पाटीपासून तीन, मग हात.

नववीत इलॅस्टिकनं चष्मा डोक्याला बांधून खेळले,
पडले, फ्रेमचा कोपरा भुवईत घुसला.
चार टाके. तेव्हापासून चष्मा दप्तरात.
नरोटे सर म्हणायचे,
"गुर्रम म्हणजे तेलुगूत घोडा ना गं?
मग आमचा घोडा झापड लावून का पळतोय?"

मी ऐकून खेळायचे.
सांगलीची उंच पोरगी
वळायच्या आधी नाकातून श्वास सोडायची.
धाराशिवची एक, डाव्या टाचेवर जड.
पाठीत खो यायच्या आधी हाताचा वारा यायचा.
पण गडी बाद झाला की नाही
हे मला कळायचं भिंतीवर बसलेल्या पोरांच्या ओरडण्यावरून,
आणि ती कधीकधी मुद्दाम खोटं ओरडायची.

आईनं भिशी उचलली.
किती हजार विड्या म्हणजे एक डोळा,
हे गणित तिनं सुपातल्या पानांवर केलं असणार.
मला सांगितलं नाही.

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात
भरतीचा एक पोरगा, छाती फुगवून, जणू तीच मोजणार आहेत;
साखरपुडा झालेली एक, नाकावरचे चष्म्याचे वण चोळत;
आणि सालेहा नदाफ, माझ्या मागच्या पाटीवर बसणारी.
तिला आतून परत पाठवलं.
बुबुळ पातळ आहे म्हणाले, करता येणार नाही.
"पातळ म्हणे," ती म्हणाली, "घरात सगळे मला जाडी म्हणतात."
मग माझी चप्पल सांभाळत दीड तास बसून राहिली.

थेंबांनी डोळा लाकडाचा होतो.
पापण्यांना चिमटा. हिरव्या ठिपक्याकडं बघा, हलू नका.
केस जळल्याचा वास आला,
बाबांच्या मागावर मोटार तापल्यावर येतो तसाच काहीसा.
मी आकडे मोजत राहिले, दुसरं काही येतच नव्हतं.
ठिपका पसरला, फुटला,
आणि परत जुळला, गाठ न मारता.

रिक्षात आईनं विचारलं,
"दिसायलंय का गं, बिड्डा?"
डोळ्यांत मिरची. मी काही बोलले नाही.

सकाळी साडेपाचला प्लॅस्टिकच्या वाट्या काढल्या.
आधी दिसला पंखा. पात्यांवर केवढा मळ!
समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवरचा मोर,
तो चौकोनाचौकोनांचा आहे, हे मला
चादरी विणणाऱ्याच्या पोरीला माहीत नव्हतं.
मग आई.
पत्र्याचं माप ठेवून पान कापत होती,
मान इतकी खाली की नाक पानाला टेकेल.
मला कायम वाटायचं, थकून वाकलीय.
ती वाकली नव्हती. ती बघत होती.
माझे साडेसहा आले कुठून,
हे कुणी विचारलंच नव्हतं कधी.

"आई, तुझा नंबर किती?"
"बोटांना कसला नंबर? थेंब टाकायची वेळ झाली."

(मंगळवारी तिला तक्त्यासमोर बसवलं.
चष्मा मिळालाय. देव्हाऱ्यात ठेवते, पाहुण्यांसारखा.)

महिन्याभरानं मैदानावर गेले.
खांब इतका स्पष्ट की भीतीच वाटली.
पावलं मोजायची विसरले, लवकर सूर मारला,
हातभर अलीकडं तोंडावर आपटले.
भिंतीवरची पोरं हसली. या वेळी दात दिसले.

सालेहा आली, चष्म्याचं इलॅस्टिक कानामागं घट्ट करत,
माझ्या गुडघ्यावरची माती झाडली आणि खांबाशी उकिडवी बसली.
"हे काय कोरलंय गं? बोटाला लागतंय कधीपासून."
"तुझं नाव," मी म्हणाले. "'हा' गाळलाय."
"कुणी?"
"ते नाही लिहिलं."
"सरक," ती म्हणाली,
आणि नाक खांबाला टेकेपर्यंत पुढं झाली.