हिरवा दिवा

तेहतीस वर्षं भुजंगरावांनी खांबावर काढली.
औसा, मग उमरगा, मग परत औसा.
दातांत पक्कड धरून बोलायची सवय
पक्कड सुटली तरी सुटली नाही.

निवृत्तीच्या पैशांत गाडी घेतली,
शाळेची जुनी, सतरा सीटांची.
सीटा काढून पलंग बसवला,
ओटा माझ्या कमरेच्या मापाचा.
फ्रिज हातभर. त्यात माझं इन्सुलिन,
अर्धं लिंबू, त्यांचा दह्याचा डबा.
लातूरच्या एमआयडीसीत पत्रा कापणारा इलियास म्हणाला,
काकू, आता रांगोळी कुठं काढायच्या?
आणि दाराखाली एक पायरी जोडून दिली, फुकटात.

नळदुर्गच्या अलीकडे पिठाच्या गिरणीमागं
रात्रीचे शंभर ठरवून वायर जोडली.
भुजंगरावांनी टेस्टर लावला, अर्थिंग पाहिलं,
सर्ज प्रोटेक्टरच्या पांढऱ्या डब्यावर
हिरवा दिवा दिसल्यावर
हात धुऊन जेवायला बसले.

सकाळी गिरणी सुरू झाली
आणि कुठंतरी न्यूट्रल सुटला.
दोनशे तीसच्या जागी चारशेच्या आसपास काहीतरी
आत आलं.
आधी पंखा ओरडला. मग ट्यूब इतकी उजळली
की त्यांच्या गालावरचे पांढरे खुंट मोजता आले असते.
मग वास, खोबरं करपल्याचा.
फ्रिज गप्प.
दुपारी लाईन दुरुस्त झाली
तर डब्यावर हिरवा दिवा पुन्हा हजर,
पाहुण्यासारखा, काही घडलंच नाही अशा तोंडाचा.

इन्सुलिन मी ओल्या फडक्यात गुंडाळून माठात सोडलं.

कंपनीचा मुलगा फोनवर फार मऊ बोलायचा.
सर, वॉरंटी पाच वर्षांची, बरोबर,
पण दाबातल्या चढउतारानं झालेलं नुकसान तीत बसत नाही.
मग हा डबा कशापासून वाचवतो, भुजंगराव म्हणाले,
दृष्टीपासून?
सर, पान चार वाचा.
पान चारवर: फक्त घरगुती वापरासाठी.
वाहनात बसवल्यास वॉरंटी रद्द.
विमावाल्याकडे गेलो. त्यानं चष्मा वर केला,
फ्रिज, पंखा ह्या घरगुती वस्तू, वाहनाच्या विम्यात येत नाहीत.
म्हणजे एकाला आम्ही गाडी, दुसऱ्याला घर,
आणि आम्ही दोघं इलियासच्या पायरीवर
चहाचे कप घेऊन.

त्या रात्री त्यांनी डबा उघडला.
सील तुटलं; उरलीसुरली वॉरंटीही गेली.
आत बत्ताशाएवढी निळी चकती, एका कडेनं काळी.
ही मेलेली हाय, म्हणाले. आज का भादव्यात, कोण सांगावं.
दिवा निराळ्या वायरीवर हाय.
वीज आली एवढंच त्याला कळतं.
राखण करणारा जिता हाय का, ते त्याला इचारूच नका.

नंतर बराच वेळ चकती अंगठ्यानं चोळत राहिले.
मला ठाऊक आहे, त्यांना वैजनाथ आठवत होता,
ज्याला खालून कुणीतरी ओरडून सांगितलं होतं,
बंद हाय लाईन, चढ.
कुणी ओरडलं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

ग्राहक मंचाची चौथी तारीख. लातूर.
कंपनीचा वकील याही वेळी आला नाही.
कडूनिंबाखाली गाडी लावून आम्ही आतच बसलो,
पंखा नाही, पुठ्ठ्यानं वारा घेत.
वॉचमननं पत्र्यावर थाप मारली,
हाय का कुणी घरात?

भुजंगराव ताडकन उठले.
काय म्हणलाव? परत म्हणा. चला, आत साहेबांपुढं म्हणा,
घर म्हणलाव तुम्ही, हिनं ऐकलंय.
वॉचमन माझ्याकडे बघायला लागला.
मी पुठ्ठा हलवायचा थांबवला.

गाडी काढा काका, तो म्हणाला,
साहेबांची जागा हाय ती.