त्र्याऐंशी अंश

औसा रोडला, क्लासेसचा शेवटचा फलक गेला की डावीकडं,
असं शिवलीलानं फोनवर सांगितलं.
शेवटचा फलक सापडायलाच अर्धा तास गेला.
लातुरात फलक संपत नाहीत,
त्यांच्यावरची लेकरं तेवढी दरसाल बदलतात.
हिचा फोटो कधी लागला नाही.
प्रमेय अर्धं टाकून ही समासात जिने काढायची,
आणि मी लाल शाईनं लिहायचो :
याला गुण नाहीत.

आता ती आणि तिचा भागीदार नदीम,
दोघांची वयं मिळवून साठ भरायची नाहीत,
दारात उभे. दार बाहेर उघडलं.
म्हटलं, गुत्तेदारानं उलटं बसवलं का काय?
नदीम म्हणाला, सर, ह्या घराची सगळीच दारं
बाहेर उघडतात.

भिंत मातीची, ठोकून ठोकून बसवलेली,
विटकरी थर, पिवळट थर, मध्येच एक राखी.
पाण्याची टाकी खणताना निघालेला मुरूम आहे हा.
काळी माती नाही घेतली सर, ती फुगते,
उन्हाळ्यात भेगाळते, तिचा भरवसा नाही.
मला सांगत होती.
माझा जन्म काळ्या मातीत गेला.
मी मान डोलावली, नव्यानंच ऐकल्यासारखी.

भिंतीतून काँक्रीटचे तीन पट्टे फिरवलेत,
खिडकीखाली, खिडकीवर, छताला लागून.
गिलावा नाही. तसेच उघडे,
लेकराच्या कमरेचा करदोडा दिसावा तसे.
छतात उपडी गाडगी, उदगीरच्या कुंभाराकडची.
मी मोजली. एका रांगेत अकरा.
वजन कमी होतं, ती म्हणाली.
थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, वजन कमी होतं.

घरमालक डॉक्टर बिडवे, हाडांचे.
मागं मागं फिरत होते, खूश आणि थोडे वैतागलेले.
सगळं झकास आहे हो गुरुजी,
पण लोखंडी कपाट कुठंच मावत नाही बघा.
सोलापूरची आत्या आली होती,
दोन दिवस राहिली, जाताना विचारते,
रंग कधी देणार?

स्वयंपाकघराचा एक कोपरा मला आल्यापासून टोचत होता.
काटकोन नाही हा, मी म्हटलं.
त्र्याऐंशी अंश, सर.
पलीकडं लिंब आहे. तो आधीपासून होता.
खिशात कोनमापक असतं तर लावून बघितलं असतं.
मग अंगठा आणि बोट ताणून अंदाज घेतला.
त्र्याऐंशीच असावा. एखादा इकडं तिकडं.

जिन्याला कठडा नाही, नुसती दोरी.
तिथं ती थांबली.
सर, तुम्ही वर्गात आलात की आधी छताकडं बघायचा,
मग हजेरी. आम्ही हसायचो.
मी एकदा मोजून वहीत लिहिलं होतं.
किती?
चार सेकंद.

ती तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती.
विसर्जन आटोपून माणसं नुकती झोपलेली,
दगडाच्या भिंती, भिंतींवर माळवद,
माळवदावर दर पावसाळ्याआधी टाकलेली माती,
आजोबांची, चुलत्यांची, माझी.
आमचं दार आत उघडायचं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
तिलाही नाही सांगितलं.
तिचा तो समासातला जिना मात्र मला आठवत होता,
सात पायऱ्या, वर काहीच नाही.

चहा झाला. भिंतीला टेकून बसलो.
नदीमनं टाकीचं झाकण उघडून दाखवलं,
एवढ्या पाण्यात मे महिना निघतो म्हणाला,
मी वाकून बघितलं, आत अंधार आणि गारवा.
नळाचं, टँकरचं, काय काय बोलणं निघालं.

परतताना रिक्षात
शर्टाच्या पाठीवरची माती झटकता झटकता
ध्यानात आलं,
आत गेल्यावर गाडगी तेवढी मोजली.
छत बघायचं राहूनच गेलं.

घरी ही म्हणाली, कसं आहे घर?
म्हटलं, कपाटाला जागा नाही.