खोलीत दुसरं कोणी नाही

स्क्रीनवर उमटलं: कॅमेऱ्याला खोली दाखवा.
एतेरीने लॅपटॉप फिरवला सावकाश.
फ्रिज, वाळत घातलेले मोजे,
गेल्या वर्षीचं कॅलेंडर,
पडदा.

पडद्यामागे सासू, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली.
कुताईसीतल्या या घराला खोली एकच.

‘मी एकटी आहे’. टिचकी.
‘कुणाची मदत घेणार नाही’. टिचकी.

नतेलाने पाठवलेली उत्तरं
तिने कालच पुसली होती, न उघडता.
इन्सुलिनचा हिशोब तीनदा केला,
सतरावा प्रश्न येईना, तो कोराच सोडला.

पन्नास मिनिटं
पडद्याआड दाबून धरलेला खोकला.

सबमिट.
मग तो सुटला, खोलीभर,
आणि मागोमाग म्हातारीचा आवाज:
“झालीस का गं पास?”

एतेरी पाणी घेऊन उठली.
“एक उत्तर खोटं दिलंय, आई.
पहिलंच.”